'मी डबा खाल्ला, ताई'

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका ३१ वर्षांच्या आहेत. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून ९ वर्षं झाली, त्यातली ५ आयसीयूत. विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी खासगी हॉस्पिटलात नोकरी. गेल्या महिन्यात एका नाईटला त्यांच्याकडे ६ पेशंट होते. बेड नंबर सातवर साठीतले एक शेतकरी काका होते, लिव्हर आणि किडनी दोन्ही निकामी होत आलेल्या. घरच्यांनी बजावलं होतं, 'त्यांना काही सांगू नका.' रात्री दहाच्या सुमाराला काकांनी विचारलं, 'सिस्टर, मी घरी जाईन ना?' त्या म्हणाल्या, 'हो काका, सोमवारी.' पुढे काका 'मोटर', 'लाईट' असं काहीबाही बरळत राहिले. पहाटे तीनला बीपी पडलं, २५ मिनिटं सीपीआर झाला, काका गेले. बायको बाहेर बाकावर बसून होती, 'तिला आत घेता आलं नाही, पण तो नियमच आहे.' बॉडी पॅक करून, नोट्स लिहून साडेचारला पत्रलेखिकेनं डबा उघडला आणि भाजी-पोळी सगळी संपवली. रडू आलं नाही. तीन महिन्यांपूर्वी सासरे घरीच वारले, तेव्हाही आलं नव्हतं. त्यांच्या दहाव्याला नात्यातल्या एक बाई बोलून गेल्या, 'नर्स आहे ना ती, तिला काय त्याचं!' आता एका टीपीए ऑफिसात इन्शुरन्सचे क्लेम तपासायची नोकरी चालून आली आहे. पगार साधारण तेवढाच, नाईट नाही, रविवार सुट्टी. नवरा म्हणतो, घे. त्या विचारतात: मी दगड झालेय का? जो वाचणारच नाही त्याची सेवा करून उपयोग काय? नोकरी सोडू का? आणि अगदी शेवटी, 'काकांच्या बायकोला फोन करावासा वाटतो. करू का?'

प्रिय सिस्टर,

पत्रात तू मला ताई म्हटलंस, म्हणून एकेरीवरच येते. वयानं मी तुझ्या आईएवढी असेन. नर्स म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण पहाटे तीनला अजून जाग येते आणि क्षणभर वाटतं, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्यायचे राहिले.

आधी डब्याचं बोलू. तुझ्या दोन पानी पत्रात डबा चार वेळा आलाय. काकांचं लिव्हर एकदाच. म्हणजे तुला भीती कशाची वाटतेय ते कळलं. तू संध्याकाळी सातला घरातून निघालीस, आठला आधीच्या पाळीकडून ओव्हर घेतलीस, सहा पेशंटची औषधं, सक्शन, पोझिशन, इनटेक-आउटपुट, त्यात मध्यरात्री एक नवीन अ‍ॅडमिशन. मग २५ मिनिटं हात बदलत छाती दाबलीस. ज्यानं ते केलंय त्यालाच माहीत, दोन मिनिटांत दंड भरून येतात. पाचला सँपल, सहाला औषधं, स्पंजिंग, मग मॉर्निंगची माणसं येणार. साडेचार ते पाच एवढीच फट होती. त्यात तू जेवलीस. शरीरानं आपलं काम केलं.

मी पहिलं मरण पाहिलं तेव्हा वीस वर्षांची होते, स्टुडंट. फिमेल मेडिकलला एक आजी माझ्या हातात हात ठेवून गेल्या. मी थरथरत लिनन रूममध्ये जाऊन उभी राहिले. आमच्या इनचार्ज सिस्टर मला शोधत आल्या, दंडाला धरून कँटीनमध्ये नेलं आणि बळंच वडा खायला लावला. घास घशाखाली उतरत नव्हता, लाज वाटत होती. त्या म्हणाल्या, 'खा. सहा नंबरचं ड्रेसिंग राहिलंय.' तेव्हा मला ती बाई राक्षसीण वाटली. पुढे बऱ्याच वर्षांनी मी स्वतः एका पोरीला असंच कँटीनला नेलं, तेव्हा वड्याऐवजी इडली होती एवढाच फरक.

आता रडण्याचं. आपल्याकडे दुःख डोळ्यांतल्या पाण्यावरून मोजायची रीत आहे. कोण किती रडलं, कोण आधी रडलं, कोणाला सावरावं लागलं, याची नोंद दहाव्यापर्यंत पाठ असते. पण तुझ्याच पत्रातलं तुला वाचून दाखवते. सासऱ्यांना दोन दिवस घरघर लागली होती. तू त्यांना कुशीवर वळवत होतीस, ओल्या बोळ्यानं ओठ पुसत होतीस, कवळी काढून वाटीत ठेवली होतीस. 'यांना दवाखान्यात हलवा, मशीननं कफ काढायला सांगा' म्हणणाऱ्या दिराला तू समजावलंस की या आवाजाचा त्रास आपल्याला जास्त होतोय, नळी घातली तर त्यांना होईल. गेल्यावर डोळे मिटवलेस, हनुवटीला पट्टी बांधलीस, अंग पुसलंस. घरात रडायला पंधरा माणसं होती. पट्टी बांधणारी एकटी तू. त्या बाईंना हे दिसलं नाही, कारण त्या आल्या तेव्हा सगळं नीट होतं. ते नीट कुणी केलं हे विचारायची पद्धत नाही.

सासऱ्यांसाठीचं रडू येईल किंवा येणार नाही. बहुतेक एखाद्या दिवशी कपाट आवरताना त्यांच्या चष्म्याचं घर हाताला लागेल आणि तिथेच बसशील. नाही बसलीस तरी त्यावरून तुझ्याबद्दल काही सिद्ध होत नाही.

मात्र 'तू दगड नाहीस गं' असं म्हणून मी हा विषय मिटवणार नाही. माणसं निबर होतात. मी पाहिली आहेत, आणि एका वर्षी मी स्वतःही झाले होते. त्या वर्षी मी पेशंटला वळवताना मनातल्या मनात पोतं म्हणायचे. बेल वाजली की मुद्दाम हातातलं काम लांबवायचे. नातेवाईकांची नक्कल करून हसायचे. सुट्टीच्या दिवशी उद्याच्या ड्युटीच्या विचारानं पोटात ढवळायचं. अशा थकव्याला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तिच्या रोगांच्या वर्गीकरणात कामाशी जोडलेली स्थिती म्हणून जागा दिली. आजार म्हटलेलं नाही. त्याच्या तीन खुणा सांगतात: अंगातलं बळ संपणं, कामाबद्दल आणि माणसांबद्दल तुसडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. रडू न येणं त्यात नाही. तेव्हा स्वतःला तपासायचं तर डोळे तपासू नकोस, हात तपास. पेशंटला हात लावताना तो कसा लागतोय? झोप येते का? चुका वाढल्यात का? यात गडबड दिसली, किंवा जगण्यातच राम नाही असं वाटायला लागलं, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत असतो, मराठीतही बोलता येतं. पेशंटच्या नातेवाईकांना हा नंबर देतो आपण. स्वतः लावायला मात्र आपल्याला कमीपणा वाटतो.

तुझ्या पत्रावरून मला तुझं दुखणं वेगळं वाटतं. पत्रातली सगळ्यात लहान ओळ बघ: 'तिला आत घेता आलं नाही, पण तो नियमच आहे.' बाकी सगळ्या गोष्टींवर तू चार-चार ओळी लिहिल्यास, डब्यात कोणती भाजी होती तेही. आणि ती बाई पहाटे तीनला आयसीयूच्या काचेबाहेर बाकावर बसली होती, तिचा नवरा आत जात होता, हे एका ओळीत, आणि लगेच 'पण'. तुला माहीत होतं काय करायला हवं. ते अवघडही नव्हतं. गाऊन, चप्पल बाहेर, पाच मिनिटं. आणि तुला ते करता आलं नाही.

याला नाव आहे. अँड्र्यू जेमटन नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९८४ मध्ये नर्सिंगमधल्या नीतिप्रश्नांवर लिहिताना ते दिलं. आपल्या भाषेत त्याला मी नैतिक घुसमट म्हणेन: योग्य काय ते कळतंय, पण संस्थेची घडी अशी की ते करता येत नाही. थकव्यावर रजा हे औषध आहे. या घुसमटीवर नाही. पंधरा दिवस महाबळेश्वरला जाऊन आलीस तरी परत आल्यावर तो बाक तिथेच असेल. म्हणून तुला वाटतं तसं 'मला काहीच वाटत नाही' हे खरं नाही. जे वाटतंय ते तू डब्यावर ढकललंयस, कारण डब्याचा दोष स्वतःकडे घेता येतो. नियमाचं काय करायचं ते आपल्याला शिकवलेलंच नाही.

त्यात सहा पेशंट. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आयसीयूत एका बेडमागे एक नर्स असा आहे, प्रत्येक पाळीत. तुझ्याकडे सहा होते. सहा जणांमधलं एकेकाच्या वाट्याला किती माया येणार? दरवर्षी १२ मेला फ्लॉरेन्स नाइटिंगेलची जयंती आली की आपल्या हातात दिवे देतात, त्यागावर भाषणं होतात, पेढे वाटतात. त्या बाईनं क्रिमियाच्या युद्धात दिवा धरला हे सगळ्यांना पाठ. परत आल्यावर तिनं आयुष्यभर आकडे मांडून सरकारला धारेवर धरलं, किती सैनिक जखमांनी मेले आणि किती घाणीनं आणि साथीनं, याची चित्रं काढून दाखवली, हे भाषणात येत नाही. तू दर नाईटला एका वहीत लिहीत जा: तारीख, पेशंट किती, व्हेंटिलेटरवर किती, नर्स किती. तीन महिन्यांची वही इनचार्जकडे आणि मग मेट्रनकडे घेऊन जा, शक्यतो एकटी जाऊ नकोस. लगेच काही बदलेल असं मी म्हणत नाही. मी अशा तीन वह्या भरल्या. एकीचा उपयोग झाला.

आता 'सोमवारी'बद्दल. तू खोटं बोललीस का? हो, बोललीस. मी शंभर वेळा बोललेय, म्हणून न्यायाधीश व्हायला मी लायक नाही. पण तू ज्या प्रश्नाचं उत्तर दिलंस तो त्यांनी विचारला होता का, हे एकदा बघू.

सिसिली साँडर्स नावाची इंग्रज बाई. आधी नर्स झाली, पाठीच्या दुखण्यानं ते काम सुटलं, मग हॉस्पिटलात समाजसेविका झाली, मग तिशी उलटल्यावर डॉक्टरकी शिकली आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं, बरं न होणाऱ्यांना शेवटपर्यंत सांभाळायचं ठिकाण. मरणाऱ्याच्या वेदनेबद्दल तिनं मांडलेली गोष्ट अशी की ती एकट्या शरीराची नसते. मनाची असते, घरच्यांची असते, पैशाची असते, 'माझ्यामागं याचं काय' ही असते. सगळी एकात एक गुंतलेली. तुझे काका शेतकरी. थंडीचे दिवस, हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ. कृषिपंपाची लाईन आळीपाळीनं दिवसा आणि रात्री येते. रात्रीची पाळी असली की शेतकरी बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, साप-विंचवातनं. लिव्हर-किडनी गेल्यावर मेंदूवर परिणाम होतो, माणूस बरळतो, हे तुला-मला दोघींना माहीत आहे. तरी ते 'काहीबाही' होतं असं मला वाटत नाही. रात्री दहाला एक शेतकरी लाईट आली का विचारतोय आणि मोटर म्हणतोय. तो कामावर होता गं. तुला वाटलं त्यांनी 'मी जगेन ना?' असं विचारलं. कदाचित ते विचारत होते, 'पाणी कोण देणार?'

नक्की काय ते आता कळणार नाही. पण पुढच्या वेळी कळून घेता येईल, आणि त्याला वेळ लागत नाही. 'सिस्टर, मी वाचेन ना?' असं कुणी विचारलं की हो किंवा नाही म्हणायच्या आधी खुर्ची ओढ. खुर्ची नसेल तर बेडच्या पातळीला वाक. आणि विचार, 'काका, आज असं का वाटतंय?' किंवा 'घरी गेल्यावर काय करायचंय?' बस. मग गप्प राहा. आपल्याला गप्प राहणं जमत नाही, लगेच उशी सरळ करायला लागतो. काही जण म्हणतील, 'काही नाही, असंच,' आणि डोळे मिटतील. त्यांना उत्तर नकोच होतं, सोबत हवी होती. काही जण म्हणतील, 'पोरीचं लग्न ठरलंय,' तर ते मुलाला सांगता येतं. आणि काही थेट म्हणतील, 'मला कळलंय, पण घरचे बोलू देत नाहीत.' तेव्हा आजाराचं भाकीत सांगणं तुझं काम नाही, तू ते सांगूही नकोस. एवढं म्हण, 'तुम्हाला जे विचारायचंय ते मी डॉक्टरांना आजच सांगते. तोवर मी इथे आहे.' आणि खरंच सांग. नर्सेस नोट्समध्ये लिही: पेशंट स्वतःच्या तब्येतीबद्दल विचारत आहेत, डॉक्टरांना कळवलं. कागदावर आलं की ते डॉक्टरांनाही टाळता येत नाही.

'त्यांना काही सांगू नका' म्हणणाऱ्या नातेवाईकांवर चिडू नकोस. बहुतेक वेळा तो मुलगा वडिलांना नाही, स्वतःला वाचवत असतो. त्याला बाजूला घेऊन एकच विचारावं, 'बाबांनीच मला विचारलं तर मी काय बोलू?' हा प्रश्न ऐकून बरेच मुलगे रडतात, आणि मग आत जाऊन स्वतःच बोलतात.

बायकोला आत घेण्याचं. तीन वाजता, क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची गाडी) उघडल्यावर, हा विषय काढता येत नाही. तेव्हा ड्युटीवरचे डॉक्टर, आरएमओ, ओरडणारच. तो विषय संध्याकाळी काढायचा असतो. डॉक्टर 'सीरियस आहेत' म्हणून सही घेतात त्याच वेळी विचारायचं, 'सर, रात्री काही झालं तर घरच्या एकाला पाच मिनिटं आत घेऊ का?' संध्याकाळी सहाला या प्रश्नाला 'हो' म्हणणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिलेत. आणि आत आलेल्या माणसाला नुसतं उभं करू नकोस, ती माणसं मशीनकडे बघून थिजतात. हात कुठे धरायचा ते दाखव, नळी कुठे आहे ते दाखव, म्हण, 'बोला त्यांच्याशी, ऐकू येत असेल.' गंगाजळ आणलं असेल तर चमच्यानं घशात ओतू द्यायचं नाही, ठसका लागतो. गॉझचा बोळा ओला करून ओठांना लावू दे. तुळशीचं पान ओठावर ठेवता येतं. या गोष्टींनी काही बिघडत नाही, आणि ती बाई उरलेलं आयुष्य 'माझ्या हातचं पाणी लागलं' म्हणून जगते.

त्या २५ मिनिटांच्या सीपीआरबद्दल तू लिहिलंयस, 'बरगड्या मोडल्याचं हाताला कळलं.' ते विसरायला होत नाही, मला माहीत आहे. ज्याचे अवयव एकेक करून बंद पडत आलेत त्याची छाती दाबायची का, हा निर्णय डॉक्टर आणि घरच्यांनी आधीच बोलून करायचा असतो. असा निर्णय कसा घ्यावा आणि कसा लिहावा यासाठी आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ ला सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला, आपल्या शेवटच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवायची मुभा दिली, आणि २०२३ मध्ये त्याची किचकट पद्धत बरीच सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही चालते. हे वाचणाऱ्या, नर्स नसलेल्या मंडळींना माझं सांगणं आहे: आई-वडील धडधाकट असताना हे बोलून ठेवा. चहाच्या वेळी बोला. आयसीयूच्या दारात हा विषय निघाला की जो सगळ्यात मोठ्यानं बोलतो त्याचं चालतं, आणि तो बहुधा पुण्या-मुंबईहून नुकताच आलेला असतो.

तुझा सगळ्यात कडू प्रश्न राहिलाच. जो वाचणारच नाही त्याची सेवा करून उपयोग काय?

आपल्या पेशात हा प्रश्न निघाला की मला मुंबईचं केईएम हॉस्पिटल आठवतं. अरुणा शानबाग तिथली स्टाफ नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्याच हॉस्पिटलात, तिथल्याच एका सफाई कामगारानं तिच्यावर हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ ला ती गेली तोवर, जवळजवळ ४२ वर्षं, ती त्याच हॉस्पिटलात पडून होती आणि केईएमच्या नर्सेसच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला सांभाळलं. शेवटच्या काळात तिला भरवणाऱ्या कितीतरी मुली, तिच्यावर हल्ला झाला तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. बेडसोअर, पडून पडून होणाऱ्या जखमा, होऊ दिले नाहीत. तू बेडसोअर सांभाळतेस, तुला वेगळं सांगायला नको, दोन-दोन तासांनी वळवणं ४२ वर्षं म्हणजे काय ते. पुढे तिच्या दयामरणाचा अर्ज सुप्रीम कोर्टापुढे आला, तेव्हा केईएमच्या माणसांनी विरोध केला. कोर्टानं २०११ मध्ये तो अर्ज नाकारला, पण काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट त्याच निकालानं पहिल्यांदा उघडली.

हे मी तुला 'बघ, त्या किती थोर' म्हणून सांगत नाही. त्या ४२ वर्षांचा मला अभिमान वाटतो आणि प्रश्नही पडतो. तिला स्वतःला काय हवं होतं, हे कुणालाच कळलं नाही. आम्ही मैत्रिणी यावर अजून भांडतो. पण एक गोष्ट त्या खोलीनं मला दाखवली. तिथे 'बरं होणं' हा मुद्दाच नव्हता, आणि तरी रोज सकाळी काम होतं, आणि ते नीट किंवा वाईट करता येत होतं. काकांचंही तसंच. ते वाचणार नव्हते. पण ते कोरड्या ओठांनी जाणं आणि ओल्या ओठांनी जाणं, एकटे जाणं आणि बायकोच्या हातात हात देऊन जाणं, यात फरक होता. तो फरक तुझ्या कामाचा भाग आहे. डॉक्टर हरले म्हणून तू हरलीस असं नाही. तुम्हा दोघांची कामं वेगळी.

मृत्यूनंतरचंही एक सांगते. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या हॉस्पिटलात जोनाथन बार्टेल्स नावाचा इमर्जन्सीतला ब्रदर होता. पेशंट गेला की सगळे हातमोजे काढून आपापल्या वाटेनं पांगतात हे त्याला खुपायचं. त्यानं सगळ्यांना मिनिटभर थांबायला सांगायला सुरुवात केली. गप्प उभं राहायचं, गेलेल्या माणसासाठी आणि त्याच्यासाठी धडपडलेल्यांसाठी. बस एवढंच. तुमच्या आयसीयूत कुणी हसेल अशी भीती वाटत असेल तर तू एकटी कर. सलाइनच्या नळ्या काढायच्या आधी एकदा नाव घे. 'बेड सात' नाही, त्यांचं नाव, केसपेपरवर असतं ते. अंग पुसताना मावशींशी गावगप्पा न मारता, 'आता डावा हात घेते हं काका' असं बोलत पूस. मला हे आमच्या एका जुन्या वॉर्डमावशींनी शिकवलं, व्हर्जिनियाच्या कितीतरी आधी. त्यांचं नाव कुठल्या जर्नलमध्ये यायचं राहिलं.

नोकरीचं आता. टीपीएची नोकरी धरलीस तर तू पळून गेलीस असं कुणी म्हणायला नको, मी तर म्हणणार नाही. ३१ व्या वर्षी पाठ शाबूत असताना नाईट सुटणं ही लहान गोष्ट नाही, आणि क्लेम तपासणारी बाई आयसीयूतून आलेली असेल तर पेशंटचं भलंच होईल. पण तिथे वेगळी घुसमट असेल. एक दिवस तुझ्यासमोर अशाच एखाद्या काकांची फाइल येईल आणि वरचा म्हणेल, 'हे बसत नाही, रिजेक्ट टाक.' तेव्हा काचेपलीकडे तू असशील. हे सहन होईल का, ते नवऱ्यापेक्षा तुला जास्त कळेल.

आणि या दोन्हींच्या मधे जागा आहेत, त्यांचा तू विचारच केलेला दिसत नाहीस. वॉर्ड बदलून माग, डायलिसिस किंवा ओपीडी, दोन-तीन महिन्यांसाठी. किंवा अगदी उलट दिशेनं जा, पॅलिएटिव्हकडे, म्हणजे बरं न होणाऱ्यांचा त्रास कमी करायच्या कामाकडे. दचकू नकोस. आयसीयूत तुला मरण त्रास देत नाही, वाईट मरण त्रास देतं, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून चालतं, तिथे उपचार मोफत असतात. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा एक छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम नर्सेसनाही करता येतो, नोकरी न सोडता. अशा ठिकाणी दोन दिवस नुसती जाऊन बघून ये. तिथे तुझ्या त्या बाकावरच्या बाईसाठी पलंगाशेजारी खुर्ची असते. सासऱ्यांच्या घरघरीत तू दिराला जे समजावलंस ते तिथे रोजचं काम आहे, आणि ते तुला येतं, कुणी न शिकवता.

काहीही ठरवलंस तरी नाईटच्या महिन्यात ठरवू नकोस. पहाटे चारला सगळ्याच नोकऱ्या सोडाव्याशा वाटतात, नवरेही.

राहिला फोन. फाइलमधून नंबर काढून घरून फोन लावू नकोस. तो नंबर हॉस्पिटलला दिलेला आहे, तुला नाही, आणि तुझ्या मनावरचं ओझं तिनं उतरवावं अशी तिच्याकडून अपेक्षा करणं बरं नाही. शिवाय फोनवर 'मी आयसीयूची सिस्टर बोलतेय' एवढं ऐकूनच तिच्या छातीत धस्स होईल. पण ती येईल. केसपेपरच्या नकला, विम्याचे किंवा योजनेचे कागद, दाखल्याची काही चूक, यासाठी घरचं कुणीतरी महिन्या-दोन महिन्यांत हॉस्पिटलात येतंच, आणि बऱ्याचदा मुलाबरोबर आई येते. रेकॉर्डच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाला सांगून ठेव की त्या आल्या तर मला बोलव. ती भेटली की माफी मागू नकोस, सीपीआरचं सांगू नकोस, तिनं विचारल्याशिवाय तब्येतीचं काही सांगू नकोस. चहा पाज. आणि सांग की त्या रात्री मी होते काकांजवळ, आणि ते लाईट आली का विचारत होते, मोटरचं म्हणत होते. तिला त्याचा अर्थ लागेल.

तुझी,
ताई